पमूचं नाव यादीत घालू नकोस

प्रिय दत्ता,

चार महिने पत्र नाही की फोन नाही. रागावला असशील तर तो हक्क तुझाच. इकडे सगळे बरे, आईचं बीपी गोळीवर आहे. लिहायला बसलोय ते पमूसाठी.

काल तो आला. "गुडघा अजिबात दुखत नाही, दत्तासर म्हणाले जानेवारीत कबड्डीच्या सामन्यात चढाईला उतर." नको रे. ऑपरेशन जूनमध्ये झालं, आत्ता कुठे पाच महिने. मांडीच्या मागच्या स्नायूची शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी दोरी) काढून गुडघ्यात लिगामेंट, म्हणजे दोन हाडं बांधणारा पट्टा, म्हणून बसवलीय. सुरुवातीला तिला रक्तपुरवठाच नसतो. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती सगळ्यात कमजोर असते, आणि नेमकी तेव्हाच सूज उतरते, पोरं जिने धडाधड चढायला लागतात. तिचं खरं लिगामेंट व्हायला वर्ष तरी जातं, कधी जास्तही.

आठ इंची पायरीवर त्याला एका पायावर उभं केलं आणि दुसरी टाच हळूहळू जमिनीला टेकवायला लावली. उजवा गुडघा पंजाच्या रेषेत राहिला. डावा, ऑपरेशनचा, तिसऱ्याच वेळी अंगठ्याच्या आत वळला, कंबरही कलली. वाटीच्या वर १० सेंटिमीटरवर टेप लावली, तर डावी मांडी २ सेंटिमीटर बारीक. हाच पाय रोवून तो परत वळणार आणि कोपरारक्षक घोटा धरणार! मातीत पाऊल थोडं तरी सरकतं, मॅटवर ते जागच्या जागी राहतं आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो.

उशीर झाला तो पहिल्या महिन्यात. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायचा, बरं वाटायचं म्हणून. त्याने पाय पूर्ण सरळ होईना, आणि सरळ होत नाही तोवर मांडीचा पुढचा स्नायू जागा होत नाही. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा अधांतरी, १० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, एवढंच करायचं होतं.

आता आठवड्यातून तीन दिवस पायरीवरून उतरणं आणि एका पायाच्या बैठका, ८-१० चे तीन सेट. दुसऱ्या दिवशी सूज दिसली तर भार निम्मा. मग दोन पायांवर उड्या, मग एका, दिशाबदल सगळ्यात शेवटी. नऊ महिने पुरे व्हायला हवेत, म्हणजे मार्च. शिवाय एका पायावरच्या सलग तीन उड्यांचं अंतर आणि मांडीची ताकद, दोन्ही उजव्याच्या निदान ९० टक्के. २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं, की नवव्या महिन्यापर्यंत थांबलेल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापतीचा धोका जवळपास निम्मा होतो.

बाकीच्या पोरांना थंड अंगाने वाकवून ताणत बसवू नकोस, किती वर्षं भांडतोय यावरून! त्याऐवजी मांडीच्या मागच्या स्नायूसाठी गुडघ्यांवर उभं करून जोडीदाराला घोटे धरायला सांग, कमरेत न वाकता धड हळूहळू पुढे सोडायचं. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, ५ चे दोन सेट. जास्त केलं की मांड्या अशा धरतात की पोरं पुन्हा नावच घेत नाहीत. पमूला मात्र हा व्यायाम इतक्यात नको, त्याची शीर तिथूनच काढलीय.

वहिनींची बदली झाली का? गच्चीची गळती थांबली?

यादी १० तारखेला जाते ना? त्याआधी पमूला बाजूला घेऊन तूच सांग. माझ्यासमोर मान हलवतो, पण ऐकतो तुझं. बुधवारी सातनंतर फोन कर.

तुझाच,
बाळ्या