साठ की आठ: कान तपासणाऱ्या ताईंना पत्र

ताई, नमस्कार.

चारचौघांत आभार मानायचे तर आधी चारचौघांत कबुलीही द्यायला हवी. अमळनेरच्या आमच्या गल्लीत पाच-सहा वर्षं मी सासऱ्यांशी भांडणारी सून म्हणून ओळखली जात होते. खरं तर भांडण एकही नव्हतं. "आबा, जेवायला चला", "आबा, गोळी घेतली का", एवढंच असायचं. पण तेच चौथ्यांदा सांगताना माझा आवाज कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जायचा. आणि चौथ्यांदा सांगितलं की आबा कपाळाला आठ्या घालणार, "वरडू नको वं माय, मी काय बहिरा शे का?"

हळू बोललं तर पोचायचं नाही, मोठ्यानं बोललं तर लागायचं. त्यात यांची हाक, म्हणजे माझ्या नवऱ्याची, आबांना पहिल्याच खेपेला कळायची. मग मी काय समजायचं? बाईच्या शब्दाला किंमत न देणारा जुन्या वळणाचा माणूस, असं मी ठरवून टाकलं होतं. माहेरी फोनवर सांगूनही झालं होतं. (थोडेसे ते तसे आहेतही. ते तुमच्या मशीननं बदललेलं नाही.)

तुमच्याकडे यायच्या आधी आम्ही एका दुकानातून तपासणी न करताच कानाचं मशीन आणलं होतं, हे तुम्हाला सांगताना मला संकोच वाटला होता. त्यात सगळंच मोठं व्हायचं: कुकरची शिट्टी, पंख्याची घरघर, मोरीतली भांडी. आबांनी चार दिवस लावलं आणि देवघराच्या खणात ठेवून दिलं. वरून म्हणाले, "माले आवाज येस, शब्द येत नही." मला तो हट्ट वाटला. तुम्ही मात्र तेच वाक्य कागदावर लिहून घेतलंत आणि म्हणालात, "यांनी आपलं निदान स्वतःच सांगितलंय."

मग त्या बंद खोलीत हेडफोन, हातात बटण, आणि तो आलेख. डावीकडे जाड, खर्जातले आवाज, उजवीकडे बारीक आवाज, आणि रेघ जितकी खाली तितकं कमी ऐकू येतं. डावीकडे आबांची रेघ जवळजवळ सपाट होती आणि मग चाळीसगावकडे कन्नडचा घाट उतरावा तशी खाली गेली. ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक आवाजांपाशी, खड्डा, पुढे ८००० ला किंचित वर. तो खड्डा बघून तुम्ही विचारलंत, "काम कुठं केलं?" आम्ही कोणी जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचं, नावसुद्धा काढलं नव्हतं! दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत, अशी सत्तावीस वर्षं आबा जिनांपुढे कपाशी ओढत होते. तिथं हातभर अंतरावरच्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागतं. एवढं ओरडावं लागतं तिथं आवाज साधारण ८५ डेसिबलच्या वर असतो, हे तुमच्याकडून कळलं. आबा हंगाम संपला की म्हणायचे, "कान दोन दिवस गुणगुणतात, मग उतरतं." उतरत नव्हतं म्हणे. आतल्या शंखातल्या केसांसारख्या बारीक पेशी दर हंगामाला थोड्या थोड्या मरत होत्या, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत.

पुढे तुम्ही जे समजावलंत त्यानं माझी मात्र झोप उडाली. आपल्या बोलण्यातले स्वर जाड आणि दमदार असतात, तर स, श, फ, थ असली व्यंजनं बारीक आणि दुबळी. आबांना स्वर यायचे, व्यंजनं गळून पडायची. म्हणून 'साठ' म्हटलं की 'आठ', आणि 'सून' म्हटलं की 'ऊन'. बायकांचा, पोरांचा आवाज आधीच बारीक, तो सगळ्यात आधी हरवतो. यांचा आवाज खर्जातला, तो पोचायचा. मोठा आवाज मात्र त्यांना आपल्याइतकाच मोठा लागतो, म्हणून ते ओरडणं अंगावर यायचं. म्हणजे मी ज्याला स्वभाव म्हणत होते तो त्या आलेखावरचा घाट होता. परतीच्या बसमध्ये धरणगाव येईपर्यंत मी आबांशी एक शब्द बोलले नाही. रागानं नव्हे. काय बोलावं हेच सुचेना.

मशीन तुम्ही आलेखाप्रमाणे बसवून दिलंत. पण खरं सांगू, निम्मं काम तुम्ही आमच्या तोंडांवर केलंत. मागून हाक मारायची नाही, आधी समोर जायचं. आधी नाव घ्यायचं, मग विषय. उजेड आपल्या तोंडावर पडेल असं उभं राहायचं. टीव्ही बंद करून बोलायचं. एकदा नाही कळलं तर तेच वाक्य पुन्हा ओरडायचं नाही, शब्द बदलायचे. आता मी 'साठ' म्हणतच नाही, 'तीन विसा' म्हणते. आबा हसतात, पण त्यांना ते बरोबर कळतं.

पहिला आठवडा वाईट गेला. भाकरी चावल्याचा स्वतःचाच आवाज त्यांना डोक्यात कुरकुरायचा, पेपरचं पान उलटलं की दचकायचे. रोज तासभर, मग दोन तास, डोक्याला सवय लागू द्या, असं तुम्ही बजावलं नसतं तर हेही मशीन देवघराच्या खणात गेलं असतं. बॅटरी बदलायचं काम नातवानं घेतलंय. नारिंगी स्टिकर सोलायचा, मिनिटभर हवा लागू द्यायची, मगच आत घालायची. हवा लागल्याशिवाय ती जागी होत नाही याचं त्याला भलतंच अप्रूप आहे. पावसाळ्यात रात्री मशीन त्या ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या डबीत ठेवतो.

श्रावणात कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसली. तिचे रोट, म्हणजे भाऊबंदांनी एकत्र जमून खायचा नैवेद्य, असल्यामुळे पुण्याचे, सुरतचे सगळे घरी आलेले, ओसरीत पंचवीस माणसं एकाच वेळी बोलणारी. गर्दीत मशीन माणसाइतकं हुशार नसतं, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. आम्ही आबांना भिंतीला पाठ लावून कोपऱ्यात बसवलं आणि ज्याला बोलायचं त्यानं समोर येऊन बसायचं असं ठरवलं. आबांपुढे अक्षरशः रांग लागली, ताई. एरवी लांबूनच मान हलवून निघून जाणारी मंडळी पाच-पाच मिनिटं टेकली. दुसऱ्या दिवशी विसर्जनाला डीजे आला तेव्हा आबांनी मशीन काढून खिशात ठेवलं आणि मला म्हणाले, "आते तुम्ही बहिरा व्हा." रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, हा नियम २००० सालापासून आहे. आमच्या गल्लीला तो अजून ऐकू आलेला नाही.

आणखी एक. माझे दीर अजून जिनिंगला जातात. तुम्ही हिशोब मांडून दाखवला होता: ८५ डेसिबलला आठ तास चालतील, पण दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा, म्हणजे ८८ ला चार तास, आणि १०० ला जेमतेम पाव तास. स्पंजची बोंडं पातळ वळून, कान वर ओढून आत घालायची आणि फुगेपर्यंत धरून ठेवायची, हेही त्यांच्याकडून दोनदा करून घेतलंत. पहिल्या दिवशी कामावरचे हसले म्हणे. आता त्यांच्यातले तिघं जण घालतात.

समोरच्या काकू मागच्या आठवड्यात विचारत होत्या, "काय वं, आते तुमनं भांडण नही व्हत का?" मी म्हटलं, होतं ना, पण हळू आवाजात.

तुमचं नाव लिहू नका म्हणालात म्हणून लिहीत नाही. पुढच्या महिन्यात मशीन तपासायला आबा एकटेच येणार म्हणतात, कंडक्टरचं बोलणं आता कळतं म्हणून. येताना भरताची वांगी आणतील, ती घ्या, परत पाठवू नका. आणि पुढची तारीख सांगताना मी शेजारी नसेन, तेव्हा सात की आठ ते त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या.

तुमची,
आबांची सून