काकू, तुमचा नकाशा माझ्याकडेच आहे

प्रिय काकू,
सादर नमस्कार.

तुमचं नाव आम्ही विचारलंच नाही. दिवसभर ‘काकू, काकू’ करत तुमच्या मागे फिरलो आणि ही गोष्ट आईच्या लक्षात आली ती परतीच्या गाडीत बसल्यावर. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. इंग्लंडमधल्या स्विंडनकडच्या कुणी वाचलं आणि ओळख पटली, की निवृत्त नर्स, माहेर अमरावतीचं, निळी विणलेली टोपी, रविवारी ४९ नंबरच्या बसने एव्हबरीला जाणाऱ्या त्या याच, तर कृपा करून त्यांच्यापर्यंत पोचवा.

मे महिन्यातला तो रविवार तुम्हाला आठवत असेल. आई-बाबा नागपूरहून माझ्याकडे रेडिंगला आले होते. बाबांनी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. नववीच्या मुलांना ते दरवर्षी जुनापाणीची शिळावर्तुळं दाखवायला न्यायचे. नागपूरच्या वेशीवरची लोहयुगातली ती सुमारे ३०० वर्तुळं, पण मुलं डबे खाऊन परत येत आणि बाबा मात्र एकेका दगडावरचे वाटीसारखे खळगे मोजत बसत. इंग्लंडला येताना त्यांनी एकच मागणी केली होती: एव्हबरी, इथलं प्रचंड शिळावर्तुळ. लंडनचं काहीही नाही दाखवलंस तरी चालेल, म्हणाले.

आणि नेमकी त्याच दिवशी, आगाऊ पैसे भरून ठरवलेली गाडी स्विंडन स्टेशनवर आलीच नाही. पाऊण तास थंडीत उभं राहिल्यावर फोनवर ‘आज जमणार नाही’ एवढंच उत्तर. आईचा गुडघा दुखत होता. मी परत फिरायला निघाले होते, पण बाबांचं तोंड बघवेना, म्हणून कसेबसे बसमध्ये चढलो. वाटेत एका वळणावर बस थांबली आणि बाबा म्हणाले, “आता काहून थांबली ही?”

पुढच्या सीटवरून तुम्ही वळून बघितलंत. “नागपूर?”

त्या एका शब्दानंतर पुढचा सगळा दिवस तुम्ही आम्हाला दिलात. आईच्या हातात स्वतःची काठी दिलीत, ती घेईना तर “मला सवय आहे हो, तुम्ही पाहुण्या” असं दटावलंत.

एव्हबरीबद्दल मी वाचून आले होते. जगातलं सर्वात मोठं शिळावर्तुळ, इसवी सनापूर्वी साधारण २८०० ते २२०० या काळात टप्प्याटप्प्याने बांधलेलं, बाहेरच्या कड्यात मुळात शंभरच्या आसपास दगड. पण वर्तुळाच्या पोटातच गाव वसलेलं आहे, त्यातून डांबरी रस्ता जातो, घरांच्या परसातून शिळा दिसतात, हे वाचून कळत नाही. तुम्ही आम्हाला आधी दगडांकडे नेलंच नाही. खंदकाच्या काठावर उभं केलंत आणि म्हणालात, “हे हरणाच्या शिंगांनी खणलंय. आता अर्धं बुजलंय, तेव्हा नऊ मीटर खोल होतं.” बाबा किती तरी वेळ खाली बघत राहिले. पांढरा खडूचा दगड, हातात लोखंड नाही, गाडीला चाक नाही. त्यांच्या जुनापाणीच्या माणसांकडे निदान लोखंड होतं.

मग तुम्ही ती काँक्रीटची ठेंगणी खुणेची खांबुटं दाखवलीत. जिथे दगड होता आणि आता नाही, तिथे एकेक. चौदाव्या शतकात लोकांनी यातले बरेच दगड खड्डे खणून पुरले. पुढे सतराव्या-अठराव्या शतकात तर आगीने तापवून, वर पाणी ओतून फोडले आणि त्याच तुकड्यांची घरं बांधली. मुरंब्याच्या धंद्यावर श्रीमंत झालेल्या घराण्यातल्या अलेक्झांडर केलरने १९३० च्या दशकात इथली जमीन विकत घेतली, पुरलेले दगड शोधून पुन्हा उभे केले, आणि १९४३ मध्ये सगळं नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळं जपणाऱ्या संस्थेला विकलं. १९३८ साली एका शिळेखाली माणसाचा सांगाडा सापडला. जवळ कात्री, वैद्याचं टोकदार अवजार आणि चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची नाणी. दगड पुरताना तो चिरडून मेला असंच बरीच वर्षं सगळे धरून चालले होते; नंतर हाडं पुन्हा तपासली तेव्हा चिरडल्याच्या खुणा दिसल्या नाहीत. हे सांगताना तुमचा आवाज वेगळा झाला होता. आयुष्यभर आजारी माणसांजवळ उभं राहिलेल्या बाईला तो सांगाडा पुरातत्त्वाचा नमुना वाटत नव्हता, हे मला तेव्हाच कळलं. केलरबद्दलही तुम्ही सरळ बोललात: वर्तुळ मोकळं करायला त्याने आतली काही घरं पाडायला लावली, तिथल्या माणसांना बाहेर जावं लागलं. मला दगड उभे राहिले याचा आनंद आहे, पण त्या घरांची आठवण ठेवल्याशिवाय तो आनंद पुरा होत नाही, हे मी तुमच्याकडून शिकले.

सेंट जेम्स चर्चमध्ये आपण थोडंच थांबलो. हजारेक वर्षांपूर्वीच्या सॅक्सन काळातल्या भिंती आणि ती गार शांतता, एवढंच माझ्या लक्षात राहिलंय. आई मात्र बाहेर खंदकाच्या बांधावरच्या ‘बीच’ जातीच्या झाडांपाशी रमली. मातीवर उघडी पडून एकमेकांत गुंतलेली मुळं, फांद्यांना लोकांनी बांधलेल्या रंगीत फिती. “नवसाच्या चिंध्या,” ती म्हणाली, आणि तिला त्या गावात परकं वाटेनासं झालं.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं, ती सांगते.

गावाबाहेर ओढ्याच्या कडेने सिल्बरी टेकडीकडे जाताना एक फाटक लागलं. पलीकडे कुरण, मेंढ्या, कोकरं. मी थबकले. काकू, मी सहा वर्षं या देशात राहते, कर भरते, पण तोवर एकदाही शेताचं फाटक उघडून आत गेले नव्हते. कुणाची तरी जमीन आहे, कुणी तरी येऊन विचारेल ‘तुम्ही इथे कशा?’ ही धास्ती मनात होती. ट्रेनच्या खिडकीतून दिसणारं हिरवं इंग्लंड मला काचेपलीकडचंच वाटत आलं होतं.

तुम्ही पिशवीतून तो ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा खात्याचा, नकाशा काढलात, घड्यांवर चिकटपट्टी लावलेला, आणि बोट ठेवलंत. “ही हिरवी तुटक रेघ दिसते? ही पायवाट. जमीन शेतकऱ्याची, वाट सगळ्यांची. खांबावर पिवळा बाण आहे बघ. त्याने नांगरलं तरी वाट त्याला पुन्हा मोकळी करून द्यावी लागते. अशा वाटा इंग्लंड-वेल्समध्ये सव्वादोन लाख किलोमीटर आहेत. कुणाला विचारायचं नाही. फाटक उघडायचं, मागे नीट लावायचं, चालायला लागायचं.” आणि कडी मलाच उघडायला लावलीत.

ती थंड लोखंडी कडी अजून माझ्या हाताला आठवते.

सिल्बरीवर चढायला बंदी आहे, ते योग्यच आहे. २००० साली माथ्यावर मोठा खड्डा पडला होता, जुन्या उत्खननांनी आतून पोखरल्यामुळे. सुमारे पाच लाख टन माती-दगड माणसांनी टोपल्या-टोपल्यांनी रचला, इसवी सनापूर्वी २४०० च्या सुमारास, आणि का रचला ते कुणालाच सांगता आलेलं नाही. बाबांना मात्र त्याहून ओढ्याचं कौतुक. खडूचा दगड पाणी पितो, हिवाळ्यात आतली पातळी वर आली की ओढा वाहतो, उन्हाळ्यात आटतो, हे तुम्ही सांगायला लागलात आणि त्यांनी तुमचं वाक्य पुरं केलं. दोघं जण मास्तरांच्या खोलीत बसल्यासारखे बोलत होतात. मी आणि आई मागे तुमची मेथीची थालीपिठं खात होतो.

हमरस्ता ओलांडून शेतातून चढ चढलो आणि वेस्ट केनेटच्या लांब थडग्यापाशी पोचलो. इसवी सनापूर्वी ३६५० च्या आसपासचं, शंभर मीटर लांब, निदान ३६ माणसांचे अवशेष सापडलेलं. आई दाराशी त्या प्रचंड शिळांना टेकून बसली. आत अंधार, ओल्या मातीचा वास. तुम्ही बाबांचा हात धरून एका दगडावर ठेवलात. “डोळे मिटा. बोट खाली न्या.” खडबडीत दगडात मध्येच एक खाच, काचेसारखी गुळगुळीत. कुणी तरी दगडी कुऱ्हाड तिथे घासली होती, पुन्हा पुन्हा, कदाचित हे थडगं बांधायच्याही आधी. बाबा बोट त्या खाचेतून पुढे-मागे नेत राहिले. काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी चष्मा पुसला, आणि तुम्ही मुद्दाम दूर डोंगरसोंडेकडे बघत राहिलात. त्याबद्दलही आभार.

परतताना दगडांच्या दुतर्फा रांगेतून आलो. गवतात मेंढ्या बसलेल्या. इथल्या विखुरलेल्या शिळांना जुने लोक ‘राखाडी मेंढ्या’च म्हणत, हे तुम्ही सांगायच्या आत आई म्हणाली, “दूरून कोणता दगड, कोणती मेंढी, कळत नाही.” तुम्ही किती हसलात!

बस आली तेव्हा घाईत नकाशा माझ्या हातात राहिला. तुम्ही अजून मित्रमंडळींकडे जाणार होतात, बसच्या दाराशी खालूनच ओरडलात, “राहू दे, पुढच्या वेळी दे!” त्यानंतर मी तीन रविवार त्या बसने आले. तुम्ही भेटला नाहीत. तब्येत बरी असेल ना?

नकाशा घरी उघडला तेव्हा तुमची पेन्सिल दिसली. देवनागरीत, बारीक अक्षरात: ‘इथे चिखल.’ ‘फाटक जड, खांदा लावणे.’ ‘बैल असतो, डावीकडून.’ ‘इथून तिन्ही टेकड्या.’ आणि ओव्हर्टन हिलपाशी, जिथून रिजवे सुरू होते, फक्त ‘एकदा पुरी.’ १३९ किलोमीटरची ती वाट तुम्ही पुरी केलीत की करायची राहिली आहे, हे मला तुम्हाला विचारायचं आहे. राहिली असेल तर पहिले दोन दिवस मी सोबत येईन.

बाबा परत गेल्यावर जुनापाणीला जाऊन आले. फोनवर सांगत होते, आता खळगे मोजले नाहीत, डोळे मिटून बोट फिरवलं. आई विचारते, काकूंची काठी कोणत्या लाकडाची होती.

आणि मी दर पंधरवड्याला कुठलं तरी फाटक उघडते. गेल्या महिन्यात एव्हबरीलाच, तुमच्या ‘इथे चिखल’पाशी गेले होते. तिथे आता लाकडाच्या फळ्या टाकल्या आहेत. तुमच्या अक्षराखाली मी तेवढंच लिहून ठेवलंय, पेन्सिलीनेच, म्हणजे नको असेल तर तुम्हाला पुसता येईल.

तुमची,
नागपूरच्या मास्तरांची मुलगी