चरक बंद केलात, त्याबद्दल

रसवंतीवाले भाऊ,

त्या पग कुत्रीला आमच्या दवाखान्यात आणणाऱ्या ऑटोवाल्याने सगळं सांगितलं, म्हणून हे पत्र.

नवतप्यातली, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतली नागपूरची दुपार. बंद गाडीतून काढलेली ती कुत्री तुमच्या बाकाजवळ आडवी पडली. एकाने तिच्यावर ओलं गोणपाट टाकलं, दुसरा जबडा उघडून पाणी ओतायला निघाला. तुम्ही दोघांनाही थांबवलंत. बरं केलंत. अंगावर पडून राहिलेलं ओलं कापड थोड्याच वेळात तापतं आणि वारा अडवतं. अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याच्या तोंडात ओतलेलं पाणी तर फुप्फुसात जाऊ शकतं. तुम्ही ड्रममधलं साधं पाणी मग्ग्याने पोटावर, जांघेत, काखेत, पंजांवर सोडत राहिलात. केस विरळ असतात ते तिथेच.

पण आमच्या मनातून जात नाही तो प्लग. बोर्डावर एकच होता म्हणे. ऐन गिऱ्हाइकीत तुम्ही चरकाची पिन काढून टेबलफॅनची लावलीत. घुंगरं थांबली, लोक कुरकुरले, तुम्ही मान वर केली नाहीत. ओल्या अंगावरचं पाणी वाऱ्याने उडतं तेव्हा अंगातली उष्णता घेऊन जातं, आणि विदर्भाच्या कोरड्या हवेत तर झपाट्याने. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, भिस्त सगळी धापांवर. पगचं नाकच चेपलेलं, तिच्या धापा किती पुरणार?

कुत्री कुणाची, हेही तुम्ही विचारलं नाहीत. जे विचारायला हवं होतं ते मालकाला: दोन बोटं काच खाली ठेवून ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणजे काय? बाहेर २४ अंश असले तरी बंद गाडीत १० मिनिटांत ३४ होतात. नवतप्याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. आणि आधी ज्या दवाखान्यात फोन लागला, तिथून ‘ताबडतोब घेऊन या’ एवढंच उत्तर आलं. आधी पाणी ओता, वारा घाला, मग निघा, हे सांगायला किती वेळ लागतो?

आमच्या टेबलावर आली तेव्हा थर्मामीटरवर १०३.४ होतं. एरवी कुत्र्याचं १०१ ते १०२.५ असतं, १०६च्या वर गेलं की मूत्रपिंडं, आतडी, रक्त गोठण्याची क्रिया, सगळंच धोक्यात. तुमच्यामुळे आम्हाला पाणी ओतायची वेळच आली नाही. १०३च्या आसपास थांबावंच लागतं, नाहीतर पारा उलट फार खाली घसरतो. कुत्री उभी राहिली तरी आतली इजा दोन-तीन दिवसांनीही वर येते, म्हणून तिला ठेवून घेतलं. लघवी व्यवस्थित झाली, रक्ताचे रिपोर्ट ठीक आले, काल दहीभात चाटूनपुसून खाल्ला.

वाटेत ओतायला दिलेला तुमचा निळा मग्गा इथेच राहिलाय. द्यायला येतो. रसाचे पैसे मात्र घ्यावे लागतील.

दवाखान्यातली आम्ही सगळी