खड्ड्याआधीचा ‘दृश्यम’

मा. संपादक यांसी,
स.न.वि.वि.

कुणी खून करून प्रेत परसात किंवा फरशीखाली पुरले, की आपल्यासह सगळ्याच दैनिकांत ‘दृश्यम’ चित्रपटाच्या नावाने एक ठरलेले शीर्षक येते: ‘दृश्यम स्टाइल हत्या’. बायकोच्या जाचाचा आरोप असलेला नवरा असो नाहीतर पैशावरून मित्राचा गळा घोटणारा असो, खड्डा खणला की झाला तो ‘दृश्यम’. त्यातच दर वर्षी २ ऑक्टोबर उजाडला की कुटुंबाच्या ग्रुपवर पणजीचा सत्संग आणि पावभाजी, म्हणजे चित्रपटातल्या घराने त्या दिवसासाठी रचलेली सबब, यांचे विनोद फिरू लागतात. गांधीजयंतीची आठवण त्यानंतर कुणाला झाली तर होते. विनोदाला माझी हरकत नाही, मीही हसतो. हरकत शीर्षकाला आहे, आणि ती का, हे सांगण्यासाठी हे पत्र. पस्तीस वर्षे तळकोकणातल्या कोर्टांत फौजदारी वकिली केलेल्या माणसाची खोड म्हणून लांबण सोसावी.

मूळ चित्रपट मल्याळम. जितू जोसेफ यांचा, मोहनलाल यांच्या भूमिकेचा, डिसेंबर २०१३ चा. हिंदी आवृत्ती ३१ जुलै २०१५ ला आली आणि ती आमच्या शेजारच्या गोव्यात घडते. दिग्दर्शक निशिकांत कामत, म्हणजे ‘डोंबिवली फास्ट’ करणारा आपला माणूस. २०२० मध्ये तो अकाली गेला. नायक केबलवाला विजय. साळगावकर हे अस्सल आमच्याकडचे आडनाव हिंदीत ‘सालगांवकर’ झाले, तेवढे सोडून देऊ.

आता कथा वकिलाच्या नजरेने पाहा. एका शिबिरात एका मुलीचे चोरून चित्रीकरण होते. करणारा मिसरूड फुटलेला मुलगा, आई पोलीस महानिरीक्षक. तो व्हिडिओ दाखवून तो मुलीला धमकावतो आणि रात्री तिच्या घरी येतो. मुलीची आई पाया पडून विनवते, तर हा तिच्यावरच नजर वळवतो. झटापटीत मुलीचा फटका त्याच्या डोक्यात बसतो आणि तो मरतो.

इथे चित्रपट थांबवा. या क्षणापर्यंत त्या घराने कोणता गुन्हा केला? भारतीय दंड संहितेचे कलम ९७ स्वतःच्याच नव्हे, दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणाचाही हक्क देते. कलम १०० म्हणते की बलात्काराच्या इराद्याने हल्ला होत असेल तर या हक्कात हल्लेखोराचा जीव घेणेही बसते. (आता नवी न्याय संहिता आली, आकडे बदलले, आशय तोच.) समोरच्या वकिलाने कलम ९९ काढले असते, गरजेपेक्षा जास्त बळ वापरले का म्हणून खल केला असता, हल्ला सुरू झाला होता की नुसती धमकी होती यावर दोन दिवस उलटतपासणी चालली असती. निकालाची हमी कुठलाच वकील देत नाही. पण असे वकीलपत्र मी डोळे झाकून घेतले असते. फाटक्या कागदांवरच्या केसेस आम्ही लढवल्या, ही तर भक्कम होती.

मग आईने आणि मुलीने तो देह परसातल्या खताच्या खड्ड्यात, आमच्याकडे ज्याला गायरी म्हणतात त्यात, लोटला. कलम २०१, पुरावा नष्ट करणे. घराचा पहिला गुन्हा हा. सकाळी घरी आलेल्या बापाने त्यावर तिकिटे, बिले आणि गावाच्या आठवणी यांचा असा चिरेबंदी वाडा बांधला, की आपण थिएटरात टाळ्या वाजवत राहिलो. बचाव करण्यासारख्या गोष्टीचे रूपांतर लपवण्यासारख्या गोष्टीत झाले, हा ‘दृश्यम’. बायकोला ठार मारून पुरणाऱ्या नवऱ्याचा या कथेशी संबंध काय? फक्त खड्ड्याचा.

एक कौतुक मात्र करायलाच हवे. साक्षीदाराबद्दल या चित्रपटाला जे कळले आहे ते पुष्कळ न्यायालयीन नाटकांना कळलेले नाही. साक्षीदाराला प्रसंग आठवतो, तारीख आठवत नाही. कंडक्टरला ते कुटुंब आठवते, २ की ३ ते नाही. कुणीतरी पुन्हा पुन्हा ‘त्या दोन तारखेला’ म्हणत राहिले की दोनच खरी होते. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या किती भल्या माणसांच्या तारखा मी अशा सरकवल्या, हे आता सांगण्यात अर्थ नाही.

पुढचा सगळा भाग हिशेब चढत जाण्याचा. मुलगा हरवलेली आई आपली वर्दी वापरते. आईबाप आणि दोन पोरी ठाण्यात, मार, आणि शेवटी धाकट्या पोरीवर हात. प्रेक्षक सब-इन्स्पेक्टर गायतोंडेला शिव्या देतात आणि बरोबर करतात. पण फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १६० सांगत होते की साक्षीसाठी स्त्रीला तिच्या राहत्या घराखेरीज कुठे बोलावता येत नाही. पुरावा कायद्याचे कलम २५ सांगत होते की पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. म्हणून तर त्यांना कबुलीपेक्षा खड्डा हवा असतो. हे कायदे त्या ठाण्याच्या भिंतीवर फ्रेम करून लावले असते तरी फरक पडला नसता, हे मलाही माहीत आहे. महानिरीक्षकाच्या मुलाविरुद्ध तक्रार घेणार कोण? चित्रपटाचा डोलारा या प्रश्नावर उभा आहे. प्रश्न खोटा नाही, म्हणूनच तो सहा-सात भाषांत चालला. २०१९ च्या चिनी आवृत्तीत बाप शेवटी स्वतःहून पोलिसांच्या हवाली होतो. आपल्याकडे तो शेवट कुणी चालवून घेतला नसता, आणि तिकडे तो चालला तो बापाच्या पश्चात्तापाने की तिथल्या सेन्सॉरच्या धाकाने, याची मला शंकाच आहे.

माझी खरी तक्रार पहिल्या अर्ध्या तासाची आहे. सत्संग सगळ्यांना पाठ, पावभाजी पाठ, पण शिबिरातला तो मोबाईल कुणाच्या लक्षात नाही. चोरून चित्रीकरण हा गुन्हा २०१३ पासून पुस्तकात आहे, दंड संहितेत तो कलम ३५४-सी होता. पहिल्या वेळी किमान एक, कमाल तीन वर्षे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-ई वेगळे. मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा. त्या मुलाविरुद्ध तक्रार शिबिराहून परतल्यावरच झाली असती, आणि तो अल्पवयीन असता, तर बाल न्याय मंडळापुढे उभा राहिला असता, खाली मान घालून. जिवंत असता.

काही वर्षांपूर्वी ऐन पावसात एक बाई माझ्याकडे आली. सतरा वर्षांची मुलगी, ओळखीतलाच पोरगा, मोबाईलमधला व्हिडिओ, पैशाची मागणी. बाप बाहेर स्कूटरवर भिजत बसून होता, आत यायला तयार नव्हता. त्याच्या डोक्यात काय चालले होते ते बाईनेच सांगितले. त्या भीतीने तर ती माझी पायरी चढली होती. तिचा पहिला प्रश्न मात्र शिक्षेचा नव्हता. “वकीलानू, चेडवाचा नाव पेपरात येतला काय?”

मी तिला पॉक्सोचे कलम २३ वाचून दाखवले. मुलीची ओळख पटेल असे नाव, फोटो, पत्ता, शाळा, काहीही छापता येत नाही. कलम २४ प्रमाणे जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि अंगावर वर्दी नसावी. तिने दोन्ही कलमे पुन्हा वाचायला लावली. मग बाहेर जाऊन नवऱ्याला हाताला धरून आत आणले. तक्रार झाली, मोबाईल जप्त झाला. ठाण्यातल्या एका हवालदाराने ‘मुलींनीच सांभाळून राहावं’ हे ऐकवलेच, तेही खरे. पण खड्डा कुणी खणला नाही, म्हणून बातमीही झाली नाही.

तेव्हा दोन विनंत्या. पुरलेल्या प्रेताच्या बातमीला ‘पुरलेले प्रेत’ म्हणावे, मराठीत ते पुरेसे भयंकर वाटते. आणि पुढच्या २ ऑक्टोबरला पावभाजीचा विनोद छापाल तेव्हा त्याच पानावर सायबर तक्रारीचा १९३० हा क्रमांक छापावा, त्या बाईला ऐन पावसातही दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरात. ओळख न छापण्याचे कलम आपल्याला माहीत आहेच. ते आपल्या वाचक आयांनाही माहीत व्हावे.

आपला नम्र,
एक निवृत्त फौजदारी वकील
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग