ग्रंथालयातल्या ताईंना, एका बापाकडून

ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण पालकत्वाच्या कपाटापाशी घुटमळणाऱ्या माणसाला ‘मुलगी केवढी आहे?’ एवढंच विचारून तुम्ही कामाला लागलात, त्याचे आभार चारचौघांत मानायचे आहेत.

मी मागितलं होतं ते ‘वयात येणाऱ्या मुलीच्या हातात देता येईल असं एखादं पुस्तक’. तुम्ही काढलंत ते माझ्यासाठी. ‘तिचं नंतर बघू. मुली पुस्तकाला प्रश्न विचारत नाहीत, घरात जे माणूस असेल त्याला विचारतात,’ म्हणालात. तिची आई नोकरीसाठी परगावी, त्यामुळे घरात असणारं माणूस म्हणजे मी.

बहुतेक बापांच्या डोक्यात वयात येणं म्हणजे पाळी, एवढंच असतं. प्रत्यक्षात पाळी बरीच मागाहून येते. मुलींच्या शरीरातले बदल ८ ते १३ या वयात कधीही सुरू होतात. पहिली खूण बहुधा स्तनाग्राखाली लागणारी छोटीशी गाठ, आणि तिच्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी. उंची झपाट्याने वाढते तीही पाळीच्या आधी. म्हणजे ‘पाळी आली की बोलू’ म्हणणाऱ्याची निम्मी गोष्ट हुकलेली असते.

तिच्यासाठीचं पुस्तक देताना तुम्ही दोन सूचना केल्यात. ते तिच्या हातात द्यायचं नाही, तिचा हात पोचेल अशा फळीवर ठेवायचं. आणि ‘वाचलंस का?’ असं चुकूनही विचारायचं नाही. वर पुस्तकात कोऱ्या कागदाचे चार-दोन तुकडे खोचून दिलेत. त्यांचं काय करायचं ते काही सांगितलं नाहीत. तिला मात्र न सांगता कळलं. एका संध्याकाळी पुस्तकातून बाहेर डोकावणाऱ्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘एकाच बाजूला गाठ आहे आणि दुखते. कॅन्सर असेल का?’ ‘कॅन्सर’ खोडून पुन्हा लिहिलेला.

ताई, तुम्ही मला आधी वाचायला लावलं नसतंत, तर मी त्या कागदाकडे बघूनच गळाठलो असतो. पण मला माहीत होतं, की एका बाजूला आधी सुरुवात होणं आणि धक्का लागला की दुखणं, दोन्ही नेहमीचं आहे. दुसरी बाजू काही महिन्यांत येते. तेवढं लिहिलं, पानाचा नंबर टाकला, ‘तरी भीती वाटली तर डॉक्टरांकडे जाऊ’ असं खाली जोडलं आणि तुकडा होता तिथे ठेवला. उत्तर आलं, ‘ओके.’ त्या वयाच्या मुलीकडून ओके म्हणजे पुष्कळ झालं.

तेव्हापासून आमचा पत्रव्यवहार चालू आहे. पाळीबद्दल तिने विचारलं, तेव्हा सुरुवातीची एक-दोन वर्षं ती मागेपुढे होते, दोन पाळ्यांत २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं, हे मला सांगता आलं. सात दिवसांहून जास्त रक्तस्राव होत असेल, दर तास-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल किंवा १५ वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं. हे फ्रिजवर चिकटवू का, असं मी विचारलं. मिळालेलं उत्तर इथे छापण्यासारखं नाही.

पुस्तक पारखायची तुमची युक्ती तर मी सगळ्या पालकांना सांगत सुटलोय. वजनाचं पान उघडायचं. वाढत्या मुलीला बारीक होण्याचे उपाय सांगत असेल, तर पुस्तक जागेवर परत. त्या वयात हाडं वाढत असतात, पाळी सुरू झाली की लोहाची गरज वाढते, आणि पुस्तक सांगतं पोळी कमी खा! ‘चांगल्या मुली असं वागत नाहीत’ छापाची पुस्तकं तर तुम्ही हाताच्या मागच्या बाजूने सारलीत, ते मी पाहिलं.

आणि अ‍ॅन फ्रँक. तिची डायरी युद्धाची गोष्ट म्हणून मी शाळेत असताना वाचली होती. तेराव्या वाढदिवसाला मिळालेल्या वहीत ती आईवर चिडते, एकटी पडते, स्वतःच्या शरीराबद्दल लिहिते, हे आत्ता दिसलं. १९४७ साली डायरी पहिल्यांदा छापली गेली, तेव्हा शरीराबद्दलचा आणि आईवरच्या रागाचा काही मजकूर तिच्या वडिलांनी गाळला होता. त्यातला बराचसा १९९१च्या विस्तारित आवृत्तीत परत आला. तुम्ही तीच आवृत्ती काढून दिलीत आणि म्हणालात, ‘बापाने गाळलेलं आता एका बापानेच वाचा.’ मला ओटो फ्रँकचा राग आला नाही. मुलगी गेल्यावर तिची वही उघडणाऱ्या माणसाने काय ठेवायचं, काय झाकायचं, हे मी कोण ठरवणार? पण माझी मुलगी शेजारच्या खोलीत आहे, दार आपटते आहे. तिने आईबद्दल किंवा माझ्याबद्दल काही लिहिलंच, तर त्यातलं एक अक्षरही मला गाळायचं नाही. खरं तर वाचायचंही नाही.

एक कबुली द्यायची राहिली. फळीवरचं पुस्तक सध्या घरात नाही. तिच्या एका मैत्रिणीकडे गेलंय, तिथून आणखी कुणाकडे, चिठ्ठ्यांसकट. मुदत उलटून गेली आहे. दंड किती झाला ते कळवा, आणि जमलं तर त्याची दुसरी प्रत मागवा.

आपला,
एक वाचक