साडेपाच तासांचा फरक

मारेगाव, जि. यवतमाळ
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय गड्या,

आठ महिने झाले तुला काही लिहिलं नाही. दिवाळीचा तुझा मेसेज वाचला आणि तसाच ठेवला. कारण तुलाही माहीत आहे, मलाही. पण आता जे झालंय ते इथं कोणाला सांगितलं तर अर्धंच कळेल, आणि घरी सांगण्यासारखं नाही. आईचे गुडघे तसेच आहेत, बाबांची शुगर बरी, मी ठीक.

छोटू आठवतो ना? आपल्या कंपनीच्या कापूस खरेदीच्या काट्यावरचा. तू त्याला एक्सेल शिकवलं आणि त्यानं तुला बंडी हाकायला शिकवली, आणि तू बैलांसकट नाल्यात गेलास. नानाजी अजूनही पोळ्याच्या दिवशी ते सगळ्यांना सांगतात आणि सांगता सांगता हसून खोकला लावून घेतात. त्या छोटूवर मी चोरीचा आळ आणला आहे. आणि तो खोटा आहे, हे मला अकरा दिवसांपासून माहीत आहे.

नीट सांगतो. ७ डिसेंबरला चुकाऱ्याच्या दिवशी एक शेतकरी बायकोला घेऊन आला. त्याच्याजवळची काटापट्टी १४.६० क्विंटलची आणि आपल्या कॉम्प्युटरवर ११.६०. पट्टी त्यानं आधार कार्डासोबत पन्नीत घडी करून ठेवली होती. बाईनं ती टेबलावर ठेवली आणि वरून तळहात दाबून धरला. पट्टी आम्ही ओढून घेऊ अशी भीती तिला वाटत होती. तो हात मी विसरलो नाही. लांब धाग्याच्या कापसाचा यंदाचा हमीभाव ८,११० धरला तरी तीन क्विंटलचे २४,३३० रुपये होतात. पट्टी आपल्याच प्रिंटरची होती, म्हणून कंपनीनं पट्टीप्रमाणे पैसे दिले. मग प्रश्न आला की वजन बदललं कोणी.

आणि तिथं काही सापडेना. तू जाताना डेटाबेस जसा होता तसाच होता. कॅसान्ड्रा नावाचा, तीन नोड म्हणजे एकमेकांना जोडलेले तीन सर्व्हर, वणी, मारेगाव, पाटणबोरी, आणि दरवाजा सताड उघडा. ऑथेंटिकेटर 'अलाउ ऑल', ऑथोरायझर पण 'अलाउ ऑल'. जो येईल तो आत आणि आत येईल तो मालक. तिन्ही केंद्रांवरचा कोणीही कोणाचीही नोंद बदलू शकत होता, आणि सगळ्यांचं नाव एकच, म्हणजे कोणाचंच नाही.

त्या दसऱ्याच्या रात्रीचं आपलं भांडण आठव. जिनिंगच्या आवारात रुईच्या गाठींवर बसून तू दोन तास बोलत होतास, पासवर्ड लावल्याशिवाय काटा सुरू करू नको म्हणून. मी म्हटलं, बाहेर गाड्या उभ्या आहेत, माणसं रात्रीची थंडीत झोपतात, तुझं कुलूप दिवाळीनंतर लावू. तू म्हणालास, "मंग ते कधीच नाई लागत." मी तुला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. पुण्याला जाताना तू कोऱ्या काटापट्टीच्या मागे लिहून माझ्या टेबलाच्या काचेखाली सारलंस: 'कुलूप लावशील त्या दिवशी आधी हे बदल. नाव कॅसान्ड्रा, पासवर्डही कॅसान्ड्रा, साऱ्या दुनियेला माहीत आहे.' त्यावर मी दोन हंगाम चहाचा कप ठेवला. तुझं अक्षर दिसतं अजून, शाई फाकली आहे.

डेटाबेस 'कोण' हे सांगू शकत नव्हता, पण 'केव्हा' हे सांगत होता. राइटटाइम. प्रत्येक रकान्याला शेवटचं कधी लिहिलं त्याची वेळ चिकटलेली असते, १९७० पासूनच्या मायक्रोसेकंदांत. त्या वजनाच्या नोंदीच्या वेळेचा आकडा मी काढला, एका वेबसाइटवर टाकला, उत्तर आलं ३ डिसेंबर, ४ वाजून १२ मिनिटं. दुपारी सव्वाचारला मारेगावच्या काट्यावर छोटू एकटा होता, आणि पट्टीही त्यानंच काढलेली. कंपनीच्या काकाजींनी मला एकदाच विचारलं, "पक्कं हाये का?" मी म्हणालो, पक्कं.

छोटू एवढंच म्हणाला, "मी नाई केलं." काकाजींकडे बघून नाही, माझ्याकडे बघून. त्याला काट्यावरून काढून कापसाच्या ढिगावर पाठवलं आणि २४,३३० रुपये महिन्याला चार हजार करून पगारातून कापायचं ठरलं. पहिला हप्ता डिसेंबरच्या पगारातून गेला.

मग मी कुलूप लावायला बसलो. सेटिंगच्या फाइलीत दोन ओळी, एकीत पासवर्ड ऑथेंटिकेटर, दुसरीत कॅसान्ड्रा ऑथोरायझर. एक विचारते तू कोण, दुसरी विचारते तुला काय करायची मुभा. एकेक नोड बंद-चालू करत गेलो, आधी काट्यांवरच्या प्रोग्रामला नाव-पासवर्ड दिले म्हणून काम थांबलं नाही. तुझी पट्टी काचेखालून काढली, माझा वेगळा सुपरयूझर, म्हणजे सगळी मुभा असलेलं नाव, केला, आणि कॅसान्ड्रा नावाचं सुपरपद आणि लॉगिन दोन्ही बंद केलं. त्या नावाला आत यायला बहुमत लागतं, नावांच्या तीन प्रती असल्या तर त्यातले दोन नोड जागे पाहिजेत, आपल्या आवृत्तीत बाकीच्यांचं एकावर भागतं, हे तू मला चहाच्या टपरीवर सांगितलं होतंस आणि मी ऐकल्यासारखं केलं होतं. मग सात माणसांना सात रोल, म्हणजे ज्याचं त्याचं नाव आणि ज्याची त्याची मुभा. हिशेबाच्या ताईंना फक्त सिलेक्ट, म्हणजे नुसतं वाचायचं. काट्यावरच्यांना मॉडिफाय, म्हणजे लिहायचंही.

आणि तिथंच अडलो बघ. मला हवं होतं की काट्यावाल्यानं नवी नोंद टाकावी पण जुनीला हात लावू नये. कॅसान्ड्रात तसं वेगळं देताच येत नाही. मॉडिफायमध्ये इन्सर्ट, अपडेट, डिलीट, म्हणजे टाकणं, बदलणं, मिटवणं, सगळं एका मुठीत. इन्सर्टच मुळात जुन्यावर लिहून टाकतो. दोन रात्री डोकं धरलं. शेवटी टेबल बदललं, पट्टी नंबराच्या पुढे प्रत्येक नोंदीची वेळ किल्लीतच, म्हणजे ओळ ज्यावरून ओळखली जाते त्यातच, घातली. आता दुसऱ्यांदा लिहिलं की पहिलं मिटत नाही, खाली नवी ओळ बसते. दुरुस्तीचं टेबल निराळं, त्यावर मॉडिफाय फक्त काकाजींच्या रोलला. हट्टानं कोणी मिटवायचंच ठरवलं तर काट्याच्या टेबलात अजूनही मिटवेल, म्हणून ऑडिट लॉग, म्हणजे कोणी केव्हा काय केलं त्याची वही, सुरू केला. कॅसान्ड्रा ४.० पासून तो आत आलाच आहे, फक्त चालू करावा लागतो. यात काही चुकत असेल तर सांग. तुझ्याशिवाय कोणाला विचारू?

डिसेंबरच्या शेवटी काट्यावरचा दुसरा पोरगा बहिणीच्या लग्नाला गेला, म्हणून छोटूला आठ दिवस परत काट्यावर बसवलं. मी त्याला त्याचं नाव आणि पासवर्ड दिला. त्यानं पासवर्ड बदलला, पाठ करून कागद फाडला आणि विचारलं, "दादा, आता माह्या नावावर फक्त मीच न?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मंग बरं हाये."

२९ तारखेला पाटणबोरीची डीपी जळाली. इन्व्हर्टर दोन तास चालला, मग तो नोड गेला. मला काळजी नव्हती, आपला माल तिन्ही ठिकाणी आहे, एक नोड गेला तर काय बिघडतं? तेवढ्यात छोटूचा फोन. त्याला आत घेत नव्हतं. बाकी कोणाला अडचण नाही, वणीवाले आत, ताई आत, मी आत, एकटा छोटू बाहेर. काट्यावर सोळा गाड्या आणि लोक म्हणायला लागले की याला कंपनीनंच बंद केलं, चोर आहे म्हणून. फोनवर मला ते मागून ऐकू येत होतं. तो काही बोलत नव्हता, नुसता श्वास.

मी एरर वाचली तेव्हा कळलं. कापसाच्या नोंदींच्या तीन प्रती, पण माणसांच्या नावांचा जो कीस्पेस, म्हणजे डेटाबेसमधला कप्पा, सिस्टिम ऑथ, त्याची प्रत मुळात एकच असते. ती वाढवायची असते आणि मी वाढवलीच नव्हती. नावाच्या हॅशनं, म्हणजे नावावरून निघणाऱ्या आकड्यानं, ज्याची ओळ जिथं पडली तिथंच ती एकटी राहते. छोटूचं नाव पाटणबोरीच्या वाट्याला आलं होतं. तीन गोदामांत माल ठेवून किल्ली एकाच्याच खिशात ठेवली आणि तो माणूस गावाला गेला, तसं झालं. पाटणबोरीच्या पोरानं शेजारच्या मोटारवाल्याचं जनरेटर आणलं, नोड उठला, मी प्रती तीन केल्या आणि तिन्हीवर रिपेअर, म्हणजे प्रती जुळवायचं काम, चालवला. पावणेदोन तास लागले. तेवढा वेळ छोटू हातानं पावत्या लिहीत होता, कार्बन घालून. एकही चुकली नाही. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या तपासल्या.

त्याच आठवड्यात तिन्ही सर्व्हरवर कोणाकोणाच्या किल्ल्या आहेत ते बघितलं. तुझी एसएसएच की, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये यायची किल्ली, होती. ओळीच्या शेवटी तुझ्या लॅपटॉपचं नाव, तेच, कॉलेजमधलं. इथून गेलेल्या माणसाची किल्ली ठेवायची नाही हा नियम मीच काकाजींसमोर वाचून दाखवला होता, तरी ती ओळ पुसायला मला संध्याकाळ लागली. पुसली. राग मानू नको बे. तू आलास की घराची घे, ती नेहमीच्या जागी, कोनाड्यात आहे.

आता मूळ गोष्ट. ७ जानेवारीला रात्री बरोबर दहा वाजता ऑडिट लॉग नीट चालतो का म्हणून मी स्वतः एक नोंद टाकली, माझ्या नावानं. लॉगमधला वेळेचा आकडा उचलला, त्याच वेबसाइटवर टाकला. तिनं दाखवलं ४ वाजून ३० मिनिटं. मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मोबाइल बघितला, परत टाकला. तेच.

ती यूटीसी दाखवते, गड्या. ग्रीनिचची वेळ. आपण साडेपाच तास पुढे. मग छोटूचं ४.१२ नव्हतंच, ते रात्रीचं ९.४२ होतं. रात्री पावणेदहाला मारेगावचं केंद्र बंद असतं, साडेसातला मीच कुलूप लावतो आणि किल्ली माझ्याकडे असते. छोटू त्या वेळी घरी होता की नव्हता हे मला सिद्ध करायचं नाही. तो काट्यावर नव्हता एवढं पुरे आहे. वणीचं जिनिंग रात्रभर चालतं, पाटणबोरीला आदिलाबादच्या बाजूच्या गाड्या उशिरापर्यंत असतात, कुठूनही झालं असेल. दरवाजा उघडा होता, आणि तो मी ठेवला होता.

कोणी केलं ते आता कधीच कळणार नाही. ते मी सोडून दिलं. पण एक शंका राहते आणि तिच्यामुळे मी अकरा दिवस गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगतो. ती वेळ लिहिणाऱ्या कॉम्प्युटरच्या घड्याळाची असते ना? घड्याळच चुकलेलं असलं तर? मी सगळ्या काट्यांवरची घड्याळं तपासली, फरक दोन-तीन मिनिटांचा. जास्त कुठंच नाही. म्हणजे तीही आड उरली नाही. मला भीती काकाजींची वाटत नाही, त्या 'पक्कं' शब्दाची वाटते. छोटूच्या आईनं संक्रांतीला आमच्याकडे तिळाचे लाडू पाठवले. आईनं ताटलीत काढले, मला घास गिळवला नाही.

येत्या शनिवारी, २४ तारखेला बैठक आहे. मी उभा राहून सांगणार आहे. कापलेले चार हजार परत करा, उरलेलं माझ्या पगारातून घ्या, आणि रजिस्टरमध्ये लिहिलेलं त्याचं नाव तिथंच दुरुस्त करा, सगळ्यांच्या सह्यांनी. त्याच्याआधी छोटूला एकट्याला सांगायचं आहे. शुक्रवारी, त्याच्या घरी जाऊन.

तुझं विचारायचंच राहिलं. नवं घर लागलं का? वहिनींची बदली झाली की तशीच? चिमणीला शाळेत घातलं असं ऐकलं, रडते का? तिच्यासाठी आईनं झबलं शिवलंय, आता लहान होणार. सविस्तर लिही, नाही तर फोनच कर, मी उचलतो.

पण आधी एक कर. मी एकदा चुकलो आहे, म्हणून दुसऱ्या हाताचा हिशेब हवा. खालचा आकडा मायक्रोसेकंदांचा आहे. कुठल्या वेबसाइटवर टाकू नको, कागदावर काढ, साडेपाच तास मिळव आणि शुक्रवारच्या आत मला फक्त वेळ कळव.

१७६४७७८३५७४१८२०६

तुझाच