वधूच्या चेहऱ्यावर जाड थर नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैशाखातले मुहूर्त जवळ आले की ‘चोवीस तास टिकणाऱ्या’ मेकअपच्या जाहिराती सुरू होतात. वधूकडचे लोक त्यासाठी जास्तीचे पैसे मोजतात आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत नाकाच्या कडेचं फाउंडेशन फाटलेलं असतं. प्रसाधनं महाग असूनही असं होतं, कारण थर जाड असतात आणि ते घाईत चढवलेले असतात. घाम खालून येतो. पातळ थर त्वचेला धरून राहतो, जाड थर मात्र सुटतो आणि हसताना चिरतो.

तयारी हळदीच्या दिवसापासूनच करायला हवी. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो. त्यामुळे साबणाने घासघासून चेहरा लाल होतो आणि पिवळेपणा तसाच राहतो. खोबरेल तेल हलक्या हाताने लावून कापसाने पुसावं, मग सौम्य फेसवॉशने तेलाचा अंश काढून टाकावा. तो राहिला तर दुसऱ्या दिवशी मेकअप घसरतो. फेशियल, ब्लीच, थ्रेडिंग चार-पाच दिवस आधीच उरकावं.

मॉइश्चरायझर लावल्यावर दहा मिनिटं थांबा. हीच दहा मिनिटं सगळ्यात जास्त वेळा वाचवली जातात. प्रायमर, म्हणजे फाउंडेशनच्या आधी लावायचा थर, फक्त कपाळ, नाक, हनुवटीला पुरे. प्रायमर सिलिकॉनचा आणि फाउंडेशन पाण्याच्या बेसचं असेल, तर चेहऱ्यावर बारीक वळ्या निघू शकतात; दोन्ही आधी मनगटावर एकत्र चोळून पाहावीत. फाउंडेशनचे दोन पातळ थर ओलसर स्पंजने थोपटत द्यावेत. पावडर पफने दाबावी, घासू नये. मेकअप पक्का बसवणारा सेटिंग स्प्रे वीतभर अंतरावरून मारावा. काही ठिकाणी त्याऐवजी केसांचा स्प्रे चेहऱ्यावर मारतात, ते कृपा करून थांबवा. त्यातल्या अल्कोहोलने त्वचेची आग होते आणि डोळ्यांना इजा होऊ शकते.

आपल्या विधींचाही विचार व्हायला हवा. होमाच्या धुरात डोळ्यांतून पाणी येणारच, म्हणून मस्करा वॉटरप्रूफ हवा आणि काजळ खालच्या पापणीच्या आतल्या कडेला नको. बाहेरच्या कडेला जेल काजळाची बारीक रेघ ओढून तिच्यावर काळी आयशॅडो दाबली की ती सहसा पसरत नाही. मुंडावळ्या कपाळाला आणि कानशिलांना घासतात, तिथे फाउंडेशन अगदी पुसट ठेवावं. ओटी भरताना सवाष्णींनी लावलेलं कुंकू नाकावर सांडतं. खालची पावडर पक्की बसलेली असेल तर ते मऊ कोरड्या ब्रशने झटकता येतं. बोटाने पुसलं की लाल पट्टा उमटलाच!

लिपस्टिक सर्वात आधी जाते ती जेवणात, कारण तेल-तुपाने ती सुटते. आधी लावलेला लिप बाम पुसून काढावा, पूर्ण ओठ लिप पेन्सिलने भरावेत, मग लिपस्टिक लावून टिश्यूने टिपावी आणि पुन्हा एक हात द्यावा.

करवलीच्या पर्समध्ये टिश्यू, ब्लॉटिंग पेपर, कॉम्पॅक्ट आणि तीच लिपस्टिक असावी. घाम आधी टिपायचा, पावडर नंतर. घामावरच पावडर थापली की तिचे पापुद्रे होतात आणि ते दुरुस्त करायला मांडवात वेळ नसतो.

घरच्यांना एक विनंती. मुहूर्त साडेबाराचा असेल तर मुलीला सकाळी आठला खुर्चीत बसवा. मेकअप आणि केसांना मिळून अडीच तास लागतात, शालू-दागिन्यांना वेगळा वेळ लागतो.

लग्नाआधी मेकअपची ट्रायल घेतल्यावर लगेच चेहरा धुऊ नये. मेकअप चार-पाच तास ठेवून कुठे सुटतो ते पाहावं आणि अंधाऱ्या खोलीत फ्लॅशने फोटो काढावा. काही सनस्क्रीन आणि बारीक सिलिका पावडरींमुळे फ्लॅशमध्ये चेहरा पांढराफटक दिसतो, आरशात ते कळत नाही. नवीन प्रसाधन असेल तर कानामागे लावून दोन दिवस वाट पाहावी. खाज किंवा पुरळ आलं, तर ते प्रसाधन कितीही टिकाऊ असलं तरी वापरू नये.

आपली,
एक ब्रायडल मेकअप आर्टिस्ट, रत्नागिरी